एकच जोडी बनवायची असेल तर भाव कसा काढायचा? मागच्या चाकाच्या अपराइटचं उदाहरण



व्हिडिओत फिक्स्चर दाखवलं, पण आकडे घाईत सांगितले गेले. म्हणून इथे नीट लिहितोय.

गिऱ्हाईक घरी स्पोर्ट्स कार बांधतोय, इंजिन मागे. बेअरिंग आणि हब त्याने एका फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकाचे घेतलेत. पण अशा बहुतेक गाड्यांचा मूळ भाग मॅकफर्सन स्ट्रटसाठी केलेला असतो, वरचा विशबोन जोडायला त्यात जागाच नसते. म्हणून त्याला डावा-उजवा अपराइट प्लेटमधून बनवून हवाय. बेअरिंग, ब्रेक कॅलिपर, दोन्ही विशबोन, टो लिंक, सगळं याच एका तुकड्यावर बसतं. तो तुटला तर चाक गाडी सोडून जातं.

आता सवयीने आपण काय करतो? वजन करतो आणि किलोवर भाव सांगतो. मीही तेच केलं होतं. वर आणखी एक चूक केली: बेअरिंगचं हाउसिंग आधी लेथवर फायनल मापात काढलं आणि मग वेल्ड केलं. थंड झाल्यावर बोअर ०.०८ मिमी अंडाकृती! दोन्ही नग भंगारात. दुसरी जोडी स्वखर्चाने. गिऱ्हाईक चांगला होता म्हणून भांडण झालं नाही, एवढंच.

क्रम असा ठेवा. ३ मिमी प्लेट लेझर कट करून डब्यासारखा आकार जुळवा. हाउसिंगसाठी कमी कार्बनची सीमलेस नळी घ्या. ईएन ८ पडलेला असतो म्हणून वापरू नका. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, प्रीहीट न करता वेल्ड केला तर वेल्डशेजारी कडक होऊन तडकू शकतो. बोअरमध्ये दर बाजूला दीड मिमी माल शिल्लक ठेवा. फिक्स्चरला बोल्टने आवळून टॅक करा, आलटूनपालटून बाजू बदलत वेल्ड करा. मग ६०० अंशांच्या आसपास स्ट्रेस रिलीव्ह, भट्टीतच सावकाश थंड. त्यानंतरच बोअरिंग, आणि कॅलिपरचा फेसही त्याच सेटिंगमध्ये. बाहेरचा व्यास ६४ मिमीची बेअरिंग असेल आणि एन ७ फिट घेतला, तर बोअर ६३.९६१ ते ६३.९९१ मिमीमध्ये यायला हवा. हे काम अंदाजाने होत नाही, बोअर गेज लागतोच. शेवटी डाय पेनिट्रंट मारून प्रत्येक वेल्ड बघा.

आणि हो, दोन्ही नग डावेच बनवणारे महाभाग मी पाहिलेत. फिक्स्चरवर "डावा", "उजवा" पंच करून ठेवा.

आता पैसे. समजा फिक्स्चरला १० तास, टॅक-वेल्डिंगला ६, बोअरिंगला ५, तपासणीला २. झाले २३ तास. तुमचा ताशी दर ५०० रुपये धरला तर ११,५००. माल, लेझर आणि भट्टीचे समजा ४,५००. एकूण १६,००० आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. किलोने धरलं असतं तर? ७ किलो, २०० रुपये दराने १,४००! फरक कुठे आहे ते दिसलं ना?

फिक्स्चरची ओळ कोटेशनमध्ये वेगळीच लिहा. गिऱ्हाईक विचारतो, "त्याचे पैसे मी का देऊ?" त्याला सांगा, फिक्स्चर तुमच्याच नावाने ठेवतो, पुन्हा जोडी लागली तर ही रक्कम लागणार नाही. वाद तिथेच मिटतो. (भट्टीवाल्याकडे किमान चार्ज असतो, दोन नगांसाठी तो अंगावर येतो. दुसऱ्या कोणाच्या लॉटमध्ये घालायला सांगा.)

राहिली जबाबदारी. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, त्यावर त्याची सही, तारीख. विशबोनचे पॉइंट तुम्ही "थोडेसे" हलवायचे नाहीत. टो लिंकचा पॉइंट हलला तर खड्ड्यात चाक स्वतःहून वळायला लागतं. गाडी ट्रॅकवर चालणार की रस्त्यावर, तेही ऑर्डरवर लिहून घ्या. रस्त्यावर म्हणाला तर नोंदणीचं आरटीओत आधी विचारून यायला सांगा, आणि तोवर ॲडव्हान्स घेऊ नका.