मोटरहोममधून धंदा करायचाय? आधी नेटचं गणित जमवा! (इगतपुरीचं उदाहरण)



"सर, गाडीतच घर करायचं, फिरत राहायचं आणि लॅपटॉपवर धंदा चालवायचा, जमेल का?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. उत्तर सरळ आहे. जमेल, पण गाडीच्या आधी नेट जमवावं लागेल.

होतं काय, की लोक पलंग कुठे, गॅस कुठे, टॉयलेट कुठे हे सगळं कागदावर काढतात. इंटरनेटचं विचारलं की म्हणतात, "सिम आहे की!" मित्रांनो, पलंग थोडा लहान झाला तर आपण पाय दुमडून झोपतो. पण क्लायंटसमोर मीटिंग तीनदा तुटली, तर तो चौथ्यांदा फोन करत नाही. आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता काही नेट बघून येत नाही.

व्हिडिओत जे भराभर सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय. वही घ्या.

इगतपुरीच का?

तीन कारणं आहेत. एक, रस्ता. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातोच, शिवाय समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. मुंबई, नाशिक आणि विदर्भ तिन्हीकडचं गिऱ्हाईक इथे पोहोचतं. दोन, धोरण. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क अशा दोन्ही बाजूंचा विचार आहे. तीन, डोंगर. भावली धरण, वैतरणा, त्रिंगलवाडी, जरा पुढे भंडारदरा. फिरायला सुंदर, पण मोबाइलच्या सिग्नलसाठी हीच परीक्षा. डोंगराच्या एका बाजूला फोन व्यवस्थित चालतो, वळण घेतलं की काड्या गायब. इथे जमलं, तर बहुतेक ठिकाणी जमेल.

पायरी १: कामाच्या तीन टोपल्या करा

सगळ्या कामाला सारखं नेट लागत नाही. आपली कामं तीन टोपल्यांत टाका.

पहिली टोपली "आत्ताच": व्हिडिओ मीटिंग, ऑनलाइन क्लास, ओटीपी, पेमेंट. इथे नेट त्या क्षणी हवंच.

दुसरी टोपली "आजच्या आज": मेल, कोटेशन, फाइल पाठवणं, ऑर्डरला उत्तर. दोन तास मागेपुढे चालतं.

तिसरी टोपली "केव्हाही": व्हिडिओ अपलोड, बॅकअप, अपडेट.

नियम असा, की पहिल्या टोपलीचं काम असेल त्या दिवशी गाडी हलवायची नाही. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा आहे. "प्रवासात घेतो मीटिंग" म्हणणाऱ्याने बोगदा, घाट आणि क्लायंट तिघांचा विचार करावा.

एक उदाहरण बघा. समजा, तुम्ही छोट्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरता. दर महिन्याला भरणाऱ्यांची ३बी ची तारीख २०. उशीर झाला की साधारण रिटर्नला दिवसाला ५० रुपये लेट फी, वर कर बाकी असेल तर व्याज. दहा दुकानदार असतील तर एका दिवसाचे ५०० रुपये, आणि विश्वास गेला तो वेगळाच. अशा माणसाने १६ ते २० तारखेला दरीतल्या कॅम्पसाइटवर जायचंच नाही. नेट असलेल्या जागी मुक्काम, मग २१ ला भंडारदरा.

पायरी २: डेटा मोजा, अंदाज करू नका

साधारण हिशोब असा:

- व्हिडिओ मीटिंग: तासाला सुमारे १ जीबी. दोन तास म्हणजे २ जीबी.
- दहा मिनिटांचा फुल एचडी व्हिडिओ: सुमारे ६०० एमबी.
- फोटो, फाइल, बॅकअप: १ जीबी धरा.
- मेल, व्हॉट्सअ‍ॅप, बाकीचं: अर्धा जीबी.

बेरीज चार जीबीच्या वर. म्हणजे रोज २ जीबीचं रिचार्ज दुपारीच संपलं. "माझ्याकडे अनलिमिटेड ५जी आहे" असं म्हणणाऱ्यांनी प्लॅन नीट वाचा. अनलिमिटेड हे ५जी मिळेल तिथे. फोन ४जी वर आला की रोजची मर्यादा लागू होते, आणि डोंगरात फोन ४जी वर येतोच.

दुसरी गोष्ट. आपण सगळे डाउनलोड स्पीड बघतो, पण धंद्याला लागतो अपलोड. तोच ६०० एमबीचा व्हिडिओ २ एमबीपीएस अपलोडवर चढायला ४० मिनिटं लागतात, ५ एमबीपीएसवर १६ मिनिटं. स्पीड टेस्ट केली की खालचा आकडाही वहीत लिहा.

पायरी ३: घाटाला दोन इंजिनं लागतात

इगतपुरीकरांना हे सांगायला नको. रेल्वे इथे १८६५ मध्ये घाट चढून आली. कसारा ते इगतपुरी चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडत आले. सपाटीवर एक इंजिन पुरतं, घाटात नाही. आपल्या नेटलाही बँकर हवा.

म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, दोन्हींत डेटा भरलेला. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे दोन इंजिनं नव्हेत. दोन सिम घेणारा ४जी किंवा ५जी रूटर मिळाला तर उत्तम, नाहीतर एक सिम रूटरमध्ये आणि दुसरं फोनमध्ये ठेवून हॉटस्पॉट.

पण इथे एक मेख आहे. बऱ्याचदा एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. पावसाळ्यात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली, की दोन्ही सिम एकदम बंद. म्हणून तिसरा बँकर म्हणजे जागा. मुक्कामापासून अर्ध्या तासाच्या आत फायबर कनेक्शन असलेलं एखादं लॉज, हॉटेल किंवा ओळखीचं ऑफिस आधीच ठरवून ठेवा. इगतपुरी किंवा घोटीत शोधा, जाऊन बोला, तासाचे पैसे ठरवा. फोन बंद पडल्यावर शोधायला निघालात, तर शोधणार कशावर?

आणि ओटीपीचा नंबर. बँक आणि आधारला जोडलेलं सिम नेहमी फोनमध्येच ठेवा, रूटरमध्ये नको. नेट चालू असूनही ओटीपी दिसला नाही, तर व्यवहार तिथेच अडकतो.

पायरी ४: मुक्कामाआधी जागा तपासा

घरबसल्या दोन कामं होतात. मोबाइल कंपन्यांना आता आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात, ते बघा. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आजूबाजूचे टॉवर दिसतात, तेही बघा. पण नकाशा म्हणजे जागा नव्हे. प्रत्यक्ष जाऊन ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपवर टेस्ट घ्या.

काड्यांवर विश्वास ठेवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दिसतो. ४जी साठी उणे ९० च्या आसपास चांगला, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० च्या पलीकडे मीटिंगचा नाद सोडा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला.

टेस्ट तीन वेळा घ्या: सकाळी १०, दुपारी ४, रात्री ९. आणि एक टेस्ट रविवारी. पावसाळ्यातल्या सुट्टीला पर्यटकांची झुंबड उडते. टॉवर तोच, फोन कितीतरी पट. सिग्नल पूर्ण दिसतो आणि पान उघडत नाही, त्याचं कारण हे.

गाडीचं अंगही लक्षात घ्या. पत्र्याची गाडी सिग्नल अडवते. रूटर कपाटात ठेवू नका, खिडकीजवळ ठेवा. कधी कधी गाडी वीस पावलं पुढे, डोंगराच्या आडोशातून बाहेर घेतली तरी फरक पडतो.

पायरी ५: बूस्टरच्या नादी लागू नका

परदेशी व्हिडिओंमध्ये मोटरहोमवाले सर्रास सिग्नल बूस्टर दाखवतात. आपल्याकडे खासगी माणसाने परवानगीशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर लावणं बेकायदेशीर आहे. तो आजूबाजूच्या सगळ्यांच्या नेटवर्कमध्ये अडथळा आणू शकतो. ऑनलाइन विकायला दिसतो म्हणून चालतो असं नाही. रूटरला जोडायचा बाहेरचा अँटेना ही वेगळी वस्तू आहे. तो सिग्नल पुन्हा फेकत नाही, फक्त तुमच्या रूटरला नीट ऐकू येतं.

तीच गोष्ट सॅटेलाइटची. परदेशातून उपकरण आणून छतावर लावायचं धाडस करू नका. इथे परवानगी लागते. आणि घरासाठी मिळणारं एअरफायबर पत्त्यावर दिलेलं असतं, ते गाडीत घेऊन गावोगाव फिरायचं साधन नाही.

पायरी ६: वीज नाही तर नेट नाही

दिवसाचा हिशोब मांडू. लॅपटॉप ५० वॅट, सहा तास: ३०० वॅट-तास. रूटर १० वॅट, बारा तास: १२०. दोन फोन: ३०. दिवे-पंखा ३० वॅट, पाच तास: १५०. एकूण ६००.

१२ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात ६०० च. एका दिवसात संपली! लिथियममध्ये ८० टक्के धरले तर ९६० मिळतात. छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल उन्हाळ्यात हे भरून काढेल. पण जुलैतल्या इगतपुरीत ऊन शोधावं लागतं. म्हणून पावसाळ्यात इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होईल अशी सोय, किंवा वीज देणारी कॅम्पसाइट, यापैकी एक हवंच. छतावर काही बसवण्याआधी आरटीओच्या नियमात बसतं का ते विचारा. गाडीत मनाने बदल करता येत नाहीत.

पायरी ७: नेट गेलं तरी पैसे आले पाहिजेत

शक्यतो काम सुरू करण्याआधी आगाऊ रक्कम घ्या. गाडीतून माल विकत असाल तर साउंडबॉक्स ठेवा, त्याला स्वतःचं सिम असतं. गिऱ्हाइकाचं नेट नसेल तर *९९# वरून इंटरनेटशिवाय यूपीआय करता येतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. फक्त फोनला साधा सिग्नल हवा. सुट्टे पैसे बाळगा. आणि नुसता स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, खात्यात आले की द्या.

आता दुसरी बाजू: तुमच्याकडे गाडी नाही, जागा आहे?

मित्रांनो, खरा धंदा कदाचित इथे आहे. इगतपुरी तालुक्यात रस्त्याला लागून दहा गुंठे असतील, तर मोटरहोमवाल्याला काय लागतं? सपाट जागा, पाणी, वीज, टॉयलेट आणि चालणारं नेट. पहिल्या चार गोष्टी बरेच जण देतील, पाचवी देणारा वेगळा उठून दिसेल.

आधी गावात कोणाचं फायबर येतं ते शोधा. मग पीएम-वाणी योजना बघा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ती मंजूर केली. त्यात चहावालासुद्धा पब्लिक डेटा ऑफिस होऊन सार्वजनिक वाय-फाय विकू शकतो, त्यासाठी परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही. गिऱ्हाईक ओटीपीने लॉगिन करतं, त्यामुळे कोण वापरतंय याची नोंद राहते. अनोळखी माणसाला घरचा पासवर्ड वाटण्यापेक्षा हा रस्ता सुरक्षित.

समजा, नेट आणि बॅकअपचा खर्च महिन्याला २,००० रुपये. साध्या जागेचे रात्रीचे ८०० आणि नेटसह १,००० घेतले, तर फरक २०० चा. महिन्यात दहा मुक्काम झाले की नेटचा खर्च निघाला. अकरावा मुक्काम नफा. तुमच्या गावचे आकडे टाकून हेच गणित करा. कॅराव्हॅन पार्कच्या नोंदणीबद्दल पर्यटन संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात चौकशी करा.

गृहपाठ

गाडीचं बुकिंग करण्याआधी हे करा. एक शुक्रवार ते सोमवार साध्या गाडीने इगतपुरी परिसरात मुक्काम करा. सोबत दोन कंपन्यांची सिम, लॅपटॉप आणि वही. तिन्ही टोपल्यांतलं रोजचं काम तिथूनच करा. सोमवारी संध्याकाळी तीन आकडे लिहा: किती जीबी लागले, किती वेळा मीटिंग तुटली आणि किती तास वाया गेले.

मीटिंग एकदाही तुटली नाही, तर पुढच्या पायरीवर जा, तेच पावसाळ्यात एकदा करून बघा. चार वेळा तुटली, तर लाखोंचं कर्ज वाचलं समजा. चार दिवसांचा खर्च ही या धंद्यातली तुमची पहिली आणि सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे.

पुढच्या भागात बघू, मोटरहोम विकत घ्यायची की भाड्याने. तोपर्यंत वही भरा. भेटूया!