चुकलेला भाग आणि त्याचे कथन : चरोदा येथील मराठी घरांच्या संदर्भात

दूरचित्रवाणीवरील मालिकांची चर्चा होते ती बहुधा त्यांच्या कथानकाच्या दर्जाविषयी, किंवा स्त्रीप्रेक्षकांवर होणाऱ्या त्यांच्या परिणामाविषयी. मालिका घरात पाहिली जाते आणि पुष्कळदा पतिपत्नी ती मिळून पाहतात, निदान तसा प्रयत्न करतात, ही साधी गोष्ट या चर्चेत आनुषंगिक ठरते. दोघांपैकी एकाचा भाग चुकतो. दुसरा तो सांगतो. त्या पाचदहा मिनिटांत घरात एक मौखिक कथन घडते. ते कोठे नोंदले जात नाही, परंतु मराठी ही जेथे शाळेची नाही आणि रस्त्याचीही नाही, तेथे या कथनाकडे भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे असे त्यात पुष्कळ आहे. चरोदा हे असे ठिकाण होय.

भिलाईला लागून, दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान, हावडा-मुंबई लोहमार्गावर हे गाव आहे. भिलाई मार्शलिंग यार्ड येथेच असल्यामुळे रेल्वेच्या लोकांत ते 'बी. एम. वाय.' या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. या मुलखाशी मराठीचा संबंध जुना. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे घरचे मराठीच. नंतरची मराठी वस्ती मात्र बव्हंशी नोकरीच्या निमित्ताने आली. एकीकडे रेल्वे, दुसरीकडे 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला भिलाईचा पोलाद कारखाना. अशा घरांतील मराठी बहुधा वैदर्भी वळणाची असते.

रेल्वेच्या नोकरीचे येथे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. प्रवासी गाडीच्या चालकाचे वेळापत्रक आधी ठरलेले असते. मालगाडीच्या चालकाला आणि गार्डाला तशी निश्चिती नाही. पाळी आली की 'कॉल' येतो. पूर्वी कॉलबॉय वही घेऊन दारात उभा राही, आता दूरध्वनी खणखणतो. मग रात्र परगावच्या रनिंग रूममध्ये. मालिकेची वेळ ठरलेली आणि घरच्या पुरुषाची वेळ न ठरलेली, अशा घरात भाग चुकणे हा अपवाद नसून नियम असतो, आणि सांगण्याचे काम मुख्यतः पत्नीकडे येते.

मराठी वाङ्मयाला हे चित्र अगदीच अपरिचित नाही, परंतु तेथे दिशा उलट आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः आली. तिच्यातील यमूला वाचनाची गोडी लागते ती पतीमुळे. रमाबाई रानड्यांच्या आठवणींतही शिकविणारा पती आणि त्याला वाचून दाखविणारी पत्नी असे नाते आहे. त्या जोडप्यांत मजकुराची निवड पतीची होती. मालिकेच्या घरात आधी पाहते ती पत्नी. काय सांगावे, काय गाळावे आणि कोणाची बाजू घ्यावी हे तीच ठरवते.

सामूहिक प्रेक्षणाची सुरुवात या भागात याहून आधीची आहे. 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग देशातील सुमारे 2400 खेड्यांत झाला, त्यात रायपूरच्या आसपासची खेडीही होती. तो संच गावाचा होता, घराचा नव्हे. घरात संच आले ते ऐंशीच्या दशकात, आणि त्याच सुमारास 7 जुलै 1984 रोजी 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका डिसेंबर 1985 पर्यंत चालली. मुंबई केंद्राच्या 'चिमणराव' किंवा 'स्वामी' यांसारख्या मराठी मालिका चरोद्यापासून फार दूरच्या प्रक्षेपकांवर होत्या. त्यामुळे मराठी घरातील पहिले मालिका-कथन हे अनुवादित कथन होते. पाहिले हिंदीत, सांगितले मराठीत.

या अनुवादात एक अडचण शीर्षकापासूनच होती. 'हम लोग'च्या भागाअखेरीस अशोककुमार कथेवर बोलत, आणि निरोप घेताना मालिकेचे नाव निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारीत. हिंदीचे 'हम' मराठीत आणताना निवड करावी लागते. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' की त्याला सामावून घेणारे 'आपण'? गुजराती, तमिळ आणि तेलुगू यांनाही हा भेद आहे. हिंदीला तो नाही. बसेसररामाच्या घरची माणसे 'आम्ही' म्हणून पडद्यावर वावरत होती की पाहणाऱ्यांना धरून 'आपण' म्हणून, हा प्रश्न हिंदी प्रेक्षकाला पडण्याचे कारण नव्हते. मराठी पत्नी मात्र भाग सांगताना 'आपल्यासारखंच आहे त्यांचं' असे म्हणे, तेव्हा तिने नकळत निवड केलेली असे. जोशी स्वतः कुमाऊँनी मुळाचे. प्रमाण हिंदीपल्याडच्या भाषा कानात असलेल्या लेखकाच्या मालिकेला असा श्रोता लाभावा हा योगायोग म्हटला तरी सुखद आहे.

1987 च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाल्यावर सांगण्याचे हे काम काही काळ अनावश्यक झाले. दर रविवारच्या त्या प्रक्षेपणाचा भाग चुकला तरी रनिंग रूममधून परतलेला माणूस 'काय झालं?' असे विचारीत नसे, 'कुठपर्यंत आलं?' एवढेच विचारी. कथा ठाऊक असली की भाग हा केवळ मुक्काम उरतो.

1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी उपग्रहावरून आली, आणि 'आभाळमाया'सारखी मालिका छत्तीसगडातही मराठीत पाहता येऊ लागली. येथे खरी गुंतागुंत सुरू होते. आता भाषांतर भाषेचे नव्हते, बोलीचे होते. पडद्यावरची मराठी मुंबई-पुण्याची, सांगणारीची नागपूरकडची. पडद्यावर 'तो का येत नाहीये?' असे विचारले जाते. घरात ते 'तो काहून येऊन नाही राहिला' असे होते. प्रमाण मराठीतील 'येत आहे' याच्या जागी 'येऊन राहिला' ही वैदर्भी क्रियारूपे कथनात सहज प्रवेश करतात. मात्र एखाद्या पात्राचे वाक्य जसेच्या तसे उद्धृत करावयाचे असेल, विशेषतः सासूचे टोचून बोलणे, तर सांगणारी स्वर बदलून प्रमाण मराठीत शिरते. पात्राचे वाक्य एका मराठीत आणि भोवतालचे निवेदन दुसऱ्या मराठीत, ही रचना ग्रामीण कथेच्या वाचकांना परिचित आहे. मात्र तेथे निवेदन प्रमाण भाषेत असते आणि संवाद बोलीत. येथे नेमके उलट घडते.

दुसरी लक्षणीय गोष्ट 'म्हणे' या शब्दाची. पत्नीने भाग स्वतः पाहिलेला असतो, म्हणून ती सांगताना वर्तमानकाळ वापरते: 'मग ती दार उघडते, तर समोर हा उभा.' तोच भाग पती दुसऱ्या दिवशी यार्डात एखाद्या मराठी सोबत्याला सांगतो तेव्हा वाक्य बदलते: 'तिनं म्हणे दार उघडलं, तर हा समोर.' ऐकीव माहितीचे चिन्ह असलेला हा अव्ययवजा शब्द एकाच वेळी दोन कामे करतो. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही हे तो प्रामाणिकपणे कळवितो, आणि चूक निघाल्यास जबाबदारी घरी पाठवितो. हिंदीभाषक सहकाऱ्याला सांगताना हा एकच शब्द पुरत नाही, 'सुना है' अथवा 'कहते हैं' असे काही योजावे लागते; आणि त्यात सांगणारी पत्नी लोकांत मिसळून जाते.

एक अडचण मौजेची आहे. पतीचे नाव घेऊ नये हा संकेत जुन्या पिढीच्या घरात अजूनही पाळला जातो. मालिकेतील नायकाचे नाव योगायोगाने पतीचेच निघाले तर सगळी मालिका 'तो', 'तिचा नवरा', 'धाकटा' अशा सर्वनामांवर आणि नात्यांवर सांगावी लागते. अशा कथनात कोण कोणाला काय म्हणाले याचा गोंधळ उडतो, आणि तरीही ऐकणाऱ्याला सर्व कळते.

गेल्या दहाएक वर्षांत भाग चुकणे हेच जवळजवळ संपले. भ्रमणध्वनीवर हवा तो भाग हवा तेव्हा मिळतो, आणि रनिंग रूममधील विश्रांतीच्या तासांत पती तो स्वतः पाहू शकतो. आता अडचण पुढे जाण्याची आहे. एकाने तीन भाग पुढे पाहिलेले असतात आणि दुसरा मागे राहतो. म्हणून पूर्वी 'सांग ना' अशी जी विनंती होती, तिच्या जागी 'आत्ताच सांगू नको' अशी ताकीद येते. पत्नीजवळ कथा असते, पण ती सांगण्याची मुभा नसते. पतीने तो भाग पाहून घेतल्यावर जे बोलणे होते ते मतांचे असते: ती चुकली, त्याने तसे करायला नको होते. त्यात 'मग' येत नाही आणि 'म्हणे' तर नाहीच. अशा घरातील मुलांची शाळा हिंदीची किंवा इंग्रजीची, खेळ हिंदीतला. स्वयंपाकघरात आई वडिलांना कालचा भाग सांगत असताना ती जे लांबलचक, क्रियापदांनी भरलेले, एकामागून एक घडत जाणारे मराठी ऐकत, ते ऐकण्याची दुसरी वेळ आता आजी गावाहून येते तेव्हाची.