वाटेपुरता उजेड : आडवाटेच्या गाडीचे पूरक दिवे

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिच्यासाठी लागणारे लोहखनिज दक्षिणेकडे सुमारे ९० किलोमीटरांवरील दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून आणि चुनखडी जवळच्याच नंदिनी येथील खाणींतून येऊ लागली. खनिज रेल्वेने येई. परंतु ज्यांना खाणीच्या माथ्यापर्यंत आणि त्याही पलीकडे रानात जावे लागे, त्या सर्वेक्षकांना, भूवैज्ञानिकांना, मिस्त्रींना आणि वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना चारही चाके ओढणाऱ्या जीपगाडीचाच आधार होता. आज गाड्या बदलल्या आहेत. वाटा मात्र बऱ्याच अंशी त्याच आहेत.

डांबरी रस्ता सोडून गाडी मुरमाच्या वाटेला लागली की रात्रीच्या प्रवासाचे स्वरूप पालटते. उन्हाळ्यात लोहखनिजाची तांबडी धूळ पुढच्या गाडीमागे लोंबकळत राहते. पावसाळ्यात चाकोऱ्या पाण्याने भरतात आणि त्यांची खोली कळत नाही. हिवाळ्याच्या पहाटे भातखाचरांवर धुके साचते. त्यातच रात्रपाळीला निघालेला, दिवा नसलेल्या सायकलीवरचा कामगार असतो, बैलगाडी असते, ऊबदार रस्त्यावर बसलेली गुरे असतात. अशा गाडीला तिच्या मूळच्या दोन दिव्यांखेरीज आणखी दिवे बसवावेत काय, बसवावयाचे तर कोणते आणि कसे, हा प्रश्न म्हणूनच हौसेचा नाही. त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत पुष्कळदा गाडीतला माणूस देत नाही, वाटेवरचा माणूस देतो.

सर्वसाधारण समजूत अशी की, दिवा जितका प्रखर तितके अधिक दिसते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ती तपासण्यासाठी प्रथम एक साधा हिशेब मांडू.

किती लांबचे दिसावयास हवे?

समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाला सुमारे दीड सेकंद लागतो, असे धरू. त्या वेळात गाडी आपल्या पूर्ण वेगाने पुढे जातच असते. त्यानंतर ब्रेक लागतो. पण सैल मुरमावर चाकांची पकड कोरड्या डांबराच्या सुमारे निम्मीच असते. हे दोन्ही टप्पे एकत्र केले तर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबण्यास सुमारे २१ मीटर, ४० ला ३२ मीटर, ६० ला ६० मीटर आणि ८० ला ९६ मीटर अंतर लागते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुपटीहून बरेच अधिक वाढते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

यावरून दिव्याच्या निवडीचा पहिला नियम निघतो : जेवढ्या अंतरात गाडी थांबू शकते त्याहून थोडे अधिक अंतर स्पष्ट दिसले पाहिजे. खाचखळग्यांच्या वाटेवर वेग ताशी ३० किलोमीटरांच्या वर सहसा जात नाही. तेथे दोनशे मीटरांवरचे झाड उजळून काही साधत नाही. पुढच्या तीस मीटरांतील खड्डा, त्याची खोली आणि वळणाची आतली कड दिसणे अगत्याचे असते.

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या स्वभावाची आहे. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश चौथाई होतो. म्हणून ५५ वॉटच्या दिव्यात माणूस शंभर मीटरांवर जेमतेम ओळखू येत असेल, तर त्याच घडणीच्या १०० वॉटच्या दिव्यात तो दोनशे मीटरांवर नव्हे, केवळ सुमारे एकशे पस्तीस मीटरांवर तितकाच दिसेल. जवळजवळ दुप्पट वीज खर्चून पल्ला एकतृतीयांशानेच वाढला. दिव्याचा पल्ला त्याच्या वॉटपेक्षा त्याच्या परावर्तकावर, म्हणजे प्रकाश गोळा करून एका दिशेने धाडणाऱ्या आरशावर, आणि पुढच्या काचेच्या घडणीवर अधिक अवलंबून असतो.

तिसरी गोष्ट डोळ्याची. अंधाराला पूर्णपणे सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. तो सराव मोडण्यास मात्र एक लखलखीत झोत पुरतो. गाडीच्या अगदी पुढची दहा मीटर जमीन फार उजळली, तर डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि त्यापलीकडचा अंधार अधिकच गडद होतो. चालकाला वाटते, आपल्याला उत्तम दिसत आहे. प्रत्यक्षात त्याची नजर आखूड झालेली असते. वाईट दिव्याहून हा भ्रम अधिक घातक होय.

दिव्यांचे तीन प्रकार

पूरक दिव्यांचे, त्यांच्या झोताच्या आकारावरून, ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला लांब पल्ल्याचा : याचा झोत निमुळता, दूरवर जाणारा. मोकळ्या, सरळ आणि निर्मनुष्य रस्त्यावर वेगाने जाताना याचा उपयोग. दुसरा रुंद झोताचा : हा पल्ल्याने मध्यम, परंतु वाटेच्या दोन्ही कडा आणि वळणाचा आतला भाग दाखविणारा. तिसरा धुक्याचा, ज्याला गॅरेजात फॉगलॅम्प म्हणतात : याचा झोत फार रुंद, पण चपटा, वरच्या बाजूस सरळ रेषेत कापल्यासारखा असतो.

फॉगलॅम्पची ही वरची कड हेच त्याचे मर्म होय. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. वर उडालेला प्रकाश त्या थेंबांवरून परतून थेट चालकाच्या डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. खाणीच्या वाटेवरील तांबडी धूळही नेमके हेच करते. झोत खालून, जमिनीलगत गेला तर परतणारा प्रकाश डोळ्यांच्या रेषेत कमी येतो. पिवळा प्रकाश धुके भेदतो, असे म्हणतात. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा प्रकाश काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, इतकेच. खरे काम रंग करीत नाही. दिव्याची जागा आणि झोताचा आकार करतो.

राजहऱ्याकडच्या किंवा तिच्यासारख्या वाटांवर मुख्यतः हळू फिरणाऱ्या गाडीस रुंद झोताची एक जोडी आणि खाली बसविलेले फॉगलॅम्प एवढे पुरते. लांब पल्ल्याच्या दिव्यांची गरज वाटते तितक्यांदा पडत नाही.

दिव्याच्या आतील प्रकाशस्रोताविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार तापून उजळते. ५५ वॉटचा असा दिवा सुमारे १,४५० ल्यूमेन, म्हणजे दर वॉटला सुमारे २६ ल्यूमेन, प्रकाश देतो. त्याची काच बोटांनी हाताळू नये. बोटांचे तेल तापून काच त्या ठिकाणी कमजोर होते. एलईडी दिवा तेवढ्याच विजेत तिप्पट-चौपट प्रकाश देऊ शकतो आणि धक्क्यांना दाद देत नाही, कारण त्यात तुटण्याजोगी तार नसते. मात्र त्याची उष्णता पुढे न जाता मागे साठते. मागच्या बाजूच्या धातूच्या पात्यांवर चिखल वाळून बसला की ती कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. मूळच्या हॅलोजन परावर्तकात नुसता एलईडी बल्ब बसविणे हा मार्ग नव्हे : परावर्तक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडविलेला असतो, स्रोताची जागा बदलली की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपवितो.

जागा

लांब पल्ल्याचे आणि रुंद झोताचे दिवे बंपरवर, मूळ दिव्यांच्या साधारण उंचीला बसवावेत. खड्ड्यांची खोली ओळखण्यासाठी सावली लागते, आणि डोळ्यांच्या रेषेहून खाली असलेला दिवाच खड्ड्याची सावली चालकाला दाखवितो. टपावरचा दिवा डोळ्यांच्या वरून प्रकाश टाकतो. त्याने खड्डे सपाट भासतात, आणि त्याचा उजेड बॉनेटवर पडून डोळ्यांत परततो. धुळीत व पावसात तर तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तळ टाकताना किंवा रात्री गाडी दुरुस्त करताना टपावरचा दिवा उपयोगी खरा. चालत्या गाडीचा तो सोबती नव्हे.

दिवा थरथरत राहिला तर वाटही थरथरताना दिसते. म्हणून ब्रॅकेट जाड पत्र्याचे असावे आणि नटाखाली दातेरी वॉशर घालावा. रेडिएटरच्या समोर मोठा दिवा आला की हवा अडते व चढावर इंजिन तापते, हेही विसरू नये.

वीज आणि वायर

पुष्कळ चांगले दिवे वायरिंगपायी वाया जातात. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. हा प्रवाह बॅटरीपासून चालकासमोरच्या बटनापर्यंत आणि तेथून दिव्यापर्यंत एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, पाच मीटर लांबीच्या बारीक वायरीतून नेला, तर वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट खर्च होतात. नुकसान किरकोळ भासते. परंतु तापणाऱ्या तारेचा प्रकाश विद्युत्‌दाबापेक्षा पुष्कळ वेगाने घटतो : दाब दहा टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. वरील उदाहरणात जवळजवळ पाचवा हिस्सा प्रकाश वायरीतच उष्णता होऊन संपतो. मग चालक अधिक वॉटचा बल्ब आणतो, प्रवाह वाढतो, नुकसान आणखी वाढते आणि शेवटी होल्डर वितळतो.

यावरचा उपाय म्हणजे रिले. बटनातून येणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहाने चालणारा हा विद्युत्‌चुंबकीय खटका होय. तो दिव्यांच्या जवळ, पाण्यापासून सुरक्षित अशा जागी बसवावा. त्याच्यावर सहसा चार आकडे कोरलेले असतात : ३० कडे बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ कडून दिव्यांकडे जाणारी, ८५ व ८६ ही चुंबकाची टोके, त्यांपैकी एक बटनाकडे आणि दुसरे गाडीच्या धातूला, म्हणजे अर्थला. आता जाड प्रवाहाची वाट दोनच मीटरांची उरते. तेथे २.५ चौरस मिलिमीटर छेदाची वायर वापरली, तर नुकसान ०.१३ व्होल्टच्या आसपास येते आणि दिवा आपला जवळजवळ सारा प्रकाश देतो.

बॅटरीकडून निघणाऱ्या वायरीवर, बॅटरीच्या अगदी निकट, १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर आग लागण्याच्या आत हा फ्यूजच वितळतो. म्हणून वायर पत्र्यातून नेताना छिद्रात रबरी बुश बसवावा, आणि अर्थ जोडताना तेथला रंग व गंज खरवडून काढावा. मिणमिणत्या दिव्याचे कारण पुष्कळदा गंजलेल्या अर्थमध्येच सापडते. शेवटी विजेची मिळकतही पाहावी. जुन्या गाड्यांतील डायनॅमो इंजिन हळू फिरताना फारच थोडा प्रवाह देतो. चढावर पहिल्या गियरमध्ये रांगणारी गाडी तेव्हा बॅटरीतील साठ्यावरच दिवे पेटवीत असते, आणि पहाटे इंजिन सुरू होत नाही.

झोताची पातळी

दिवे बसविले म्हणजे काम संपले असे नाही. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी करावी. तिच्यात नेहमीचे सामान व माणसे असावीत, कारण मागे भार पडला की झोत वर उचलला जातो. भिंतीवर दिव्याच्या उंचीची रेघ ओढावी. जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंचीच्या दिव्याच्या झोताचा मध्य त्या रेघेखाली १० सेंटिमीटर पडू द्यावा. असा झोत सपाट रस्त्यावर ८० मीटरांवर टेकतो. ५० सेंटिमीटर उंचीच्या फॉगलॅम्पची वरची कड रेघेखाली २० सेंटिमीटर असावी. ती २५ मीटरांवर टेकते. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी २१ मीटरांत थांबते, हे आपण पाहिलेच आहे. म्हणजे धुक्यात या दिव्यांवर विसंबून त्याहून वेगाने जाणे हे न दिसणाऱ्या जागेत गाडी घालण्यासारखेच होय.

समोरचा माणूस

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १११ व्या नियमानुसार, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीने लावलेला वगळता, गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई आहे. पूरक दिव्यांचे बटन म्हणूनच वेगळे असावे, आणि डांबरी रस्त्याला लागताच ते बंद करण्याची हाताला सवय व्हावी. रानातही हाच विवेक हवा. एकेकाळी मध्य भारताच्या जंगलांत जीपवरच्या झोताने जनावराचे डोळे दिपवून शिकार केली जाई. जनावर त्या उजेडात खिळून उभे राही, यातच त्या दिव्याची ताकद आणि त्याचा अधमपणाही होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. परंतु नुसत्या प्रवाशाच्या दिव्यानेही हरिण आजही तसेच खिळून उभे राहते.

समोरून सायकलीवर येणारा कामगारही त्याच स्थितीत असतो. दिपलेल्या डोळ्यांनी त्याला ना गाडी दिसते, ना रस्त्याची कड, ना कडेचा नाला. आपल्याला तो लख्ख दिसत असताना तो मात्र आंधळा झालेला असतो. दिवा निवडताना आणि बसविताना आपल्याला किती दिसेल एवढेच विचारून भागत नाही; त्या माणसाला काय दिसेल, हेही विचारावे लागते. वाटेपुरता उजेड आणि उजेडापुरता वेग, एवढे पाळले तर दोघेही घरी पोचतात.