ट्रॅक्टर व त्याच्या सुट्या भागांची राखण

बैलजोडी गोठ्यात बांधली की तिच्याजवळ कोणी ना कोणी झोपत असे. ट्रॅक्टर मात्र बांधावर, रस्त्याच्या कडेला अथवा गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याच्या आवारात रात्रभर एकटा उभा असतो. कर्ज काढून घेतलेल्या या यंत्राच्या राखणीचा विचार बहुधा चोरी झाल्यावरच होतो, ही खेदाची गोष्ट होय. कारण ट्रॅक्टर गेला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

संपूर्ण ट्रॅक्टर पळविण्यापेक्षा त्याचे भाग नेणे चोरास सोपे पडते. बॅटरी काही मिनिटांत निघते व तिच्यातील शिशास भंगारात भाव मिळतो. ट्रॉलीस तर इंजिनच नसते. दुसऱ्या ट्रॅक्टरास जोडली की ती गेली. याकरिता ट्रॉलीच्या पुढील कडीत जाड कुलूप अडकवावे, म्हणजे तीत पिन बसणार नाही. घरी ट्रॉली भिंतीस लावून तिच्यापुढे ट्रॅक्टर आडवा उभा करणे उत्तम. एकाच बनावटीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना एकच चावी चालते, तेव्हा चावी खिशात आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. बॅटरीची तार तोडणारा स्विच सहज न दिसेल अशा जागी बसवून घ्यावा आणि स्टिअरिंग व क्लचचे पायडल साखळीने जखडून कुलूप लावावे. बॅटरीच्या पेटीसही कुलूप हवेच.

खरी अडचण अवजारांची आहे. ट्रॅक्टरचे चासी व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात असतात. रोटाव्हेटर वा नांगरास तसा आधार नसतो आणि त्यांवरील पत्र्याची पाटी सहज उखडता येते. पोलिसांनी माल पकडला तरी तो आपलाच हे पटविता येत नाही. म्हणून ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक व आपली आद्याक्षरे प्रत्येक अवजारावर दोन ठिकाणी, एक उघड व एक आडजागी, ठोकून घ्यावीत. रंगाने लिहिलेले टिकत नाही. चासी क्रमांकास मात्र कधीही हात लावू नये. खुणांची छायाचित्रे व खरेदीच्या पावत्या घरी जपून ठेवाव्यात.

केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास चोरीची भरपाई मिळत नाही. विमापत्र एकदा वाचून पाहावे. चोरी होताच 112 क्रमांकावर कळवून ठाण्यात फिर्याद नोंदवावी व विमा कंपनीस विनाविलंब लेखी सूचना द्यावी. भरपाई मागताना कंपनी बहुधा दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी चालकाजवळ ठेवण्याची आपली रीत येथे नडते.

स्वस्तात मिळते म्हणून विनापावती बॅटरी घेणारेही या धंद्यास हातभार लावतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 अन्वये चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. जुना भाग घेताना विकणाऱ्याची सही व पत्ता असलेली पावती मागावी. ती देण्यास जो कुरकुरतो, त्याचा माल न घेतलेला बरा.