इथ्रोचा सल्ला : काम, कुटुंब आणि आपण

(वाचनासाठी उतारा : निर्गम १८:१-२७)



कुटुंबभेटीला गेले की एक वाक्य घरोघरी ऐकू येते : “फादर, देवाच्या दयेने सगळं आहे, फक्त वेळ नाही.” हे वाक्य खोटे नाही. वसई ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. घर ते स्टेशन, मग लोकल, मग ऑफिस. जाऊन-येऊन रोजचे तीन तास सहज जातात. महिन्याचे २४ दिवस धरले तर ७२ तास, म्हणजे पूर्ण तीन दिवस आणि तीन रात्री नुसत्या प्रवासात गेल्या. ज्यांचे काम घरून चालते त्यांचा प्रवास वाचला, पण ऑफिसच जेवणाच्या टेबलावर येऊन बसले. आईवडील निघतात तेव्हा मुले झोपेत असतात आणि परततात तेव्हा ती पुन्हा पेंगुळलेली असतात. मग मुलांना वाढवणार कोण? आजी-आजोबा, शिकवणीचे वर्ग आणि मोबाईल!

या प्रश्नावर पवित्र शास्त्रातील एक अध्याय आपल्याला मार्ग दाखवतो. आज त्याचा अभ्यास करू या.

सासऱ्याने काय पाहिले?

इस्राएली लोकांना इजिप्तमधून बाहेर काढल्यावर मोशे रानात तळ देऊन होता. तेथे त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानचा याजक, त्याला भेटायला आला. तो एकटा आला नाही. मोशेने माघारी पाठवलेली पत्नी सिप्पोरा आणि गेर्षोम व अलियेजर ही दोन मुले यांना तो सोबत घेऊन आला. अध्यायाची सुरुवात या कुटुंबाच्या भेटीने होते, हे आपल्या लक्षात राहत नाही. मोशेने थोरल्या मुलाचे नाव गेर्षोम ठेवले, कारण तो स्वतः तेव्हा परक्या देशात परका होता. आज आपल्या किती घरांत बाप आपल्याच मुलांना परका झाला आहे?

दुसऱ्या दिवशी इथ्रोने जावयाचा दिनक्रम पाहिला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेला आणि लोक भोवती ताटकळत उभे. तू एकटाच का बसतोस, असे इथ्रोने विचारले. लोक देवाची इच्छा जाणून घ्यायला माझ्याकडे येतात, असे मोशेचे उत्तर होते. उत्तर बिनतोड होते. काम चांगले होते, देवाचे होते. तरीही इथ्रोने स्पष्ट सांगितले की हे बरे नाही. यात तूही झिजशील आणि लोकही थकतील.

येथे पहिला धडा मिळतो. काम चांगले आहे एवढ्यावरून कामाची पद्धत चांगली ठरत नाही. “मी हे सगळं घरच्यांसाठीच तर करतो,” हे आपले उत्तरही मोशेसारखेच बिनतोड असते. पण ज्यांच्यासाठी राबतो त्यांनाच आपण दिसत नसू, तर ते उत्तर पुन्हा तपासायला हवे.

सवड म्हणजे आळस नव्हे

ग्रीक भाषेत सवडीला ‘स्खोले’ म्हणत. इंग्रजीतला ‘स्कूल’ हा शब्द तिथूनच आला. गंमत अशी की कामाच्या व्यापाला त्यांचा शब्द होता ‘अस्खोलिया’, म्हणजे सवड नसणे. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या मते माणूस सवडीसाठी काम करतो. आपण नेमके उलटे केले आहे. सोमवारी पुन्हा कामाला जुंपता यावे म्हणून रविवारी झोपायचे, फोन चार्जिंगला लावावा तसे!

शास्त्र याहून पुढे जाते. शब्बाथाची आज्ञा देताना अनुवादाच्या पुस्तकात (५:१२-१५) कारण दिले आहे : तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला थांबण्याचा अधिकार नसतो. मुक्त माणसाला असतो. म्हणून घरधन्यापासून चाकर आणि गुराढोरांपर्यंत सर्वांना विसावा सांगितला. ज्याला थांबताच येत नाही, तो अजून इजिप्तमध्येच आहे.

आपल्या मुंबईत हा विसावा फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली. तिच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी कामगारांची रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या विश्रांतीचा हक्क जगापुढे मांडला. जे दुसऱ्यांनी लढून मिळवले, ते आपण एका फोनसरशी सोडून द्यावे काय?

इथ्रोने काय सुचवले?

इथ्रोने मोशेला काम सोडायला सांगितले नाही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर विश्वासू, लाच न घेणारे पुढारी नेम. लहान वाद ते मिटवतील, अवघड तेवढे तू पाहा, असे तो म्हणाला. मोशेने ते ऐकले. यातून आपल्यासाठी तीन गोष्टी निघतात.

१. माझ्याशिवाय अडणारे काम कोणते? ऑफिसात आपल्या जागी उद्या दुसरा माणूस बसेल. मुलांचे आईबाप म्हणून दुसरे कोणी बसू शकत नाही.

२. ओझे वाटून घ्या. हे घरातही लागू आहे. आई ऑफिसातून येते ती थेट ओट्याशी उभी राहते, बाकीचे टीव्हीसमोर. मोशे एकटा बसला होता. आपल्या घरी ती एकटी उभी आहे. भाजी निवडणे, भांडी घासणे, अभ्यास घेणे ही मुलग्यांची आणि बाबांचीही कामे आहेत.

३. सांगणाऱ्याचे ऐका. मोशेला जे दिसले नाही ते सासऱ्याला दिसले. आपली पत्नी, पती, म्हातारी आई काही सांगत असेल तर “तुला काय कळतं” म्हणू नका.

हा नियम धर्मग्रामालाही लागू आहे. प्रत्येक समितीत तेच चार चेहरे दिसत असतील, तर त्यांची घरे त्याची किंमत मोजत आहेत. नव्या लोकांनी पुढे यावे आणि जुन्यांनी जागा द्यावी, ही आमची मनापासून विनंती.

कोणी रात्रपाळीची नर्स असेल, कोणी आखाती देशात असेल, कोणाच्या डोक्यावर घराचे कर्ज असेल. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. वेळ किती मिळतो हे नेहमी आपल्या हाती नसते. मिळालेला वेळ कोणाला द्यायचा हे बरेचसे असते. दिवसातून एक जेवण एकत्र आणि फोनविना, झोपण्यापूर्वी रोझरीचे निदान एक दशक, रविवारची मिस्सा सहकुटुंब. सुरुवात एवढ्याने होऊ शकते.

घरी बोलण्यासाठी प्रश्न :

१. गेल्या आठवड्यात आपण सर्व एकत्र किती वेळा जेवलो?
२. आपल्या घरी कोण ‘एकटे’ ओझे वाहत आहे? त्यातले कोणते काम मी घेऊ?
३. आपल्या घरचा ‘इथ्रो’ कोण? त्याचे आपण ऐकतो का?

नाझरेथच्या घरी योसेफाच्या हाताखाली काम शिकलेला प्रभू येशू आपल्या श्रमांना आणि आपल्या घरांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू