घरमाशी आणि फळमाशी

माशी म्हटली म्हणजे आपणांस भाकरीवर बसणारी करडी घरमाशी आठवते. परंतु नागपूर जिल्ह्यांत ज्यांचे संत्र्याचे मळे आहेत, त्यांनीं दुसऱ्या एका माशीचीही ओळख करून घेतली पाहिजे.

दोघी एकाच गणांतल्या. दोघींस पंख दोनच. मागील पंखांच्या जागीं बारीक दांड्या असतात, त्या उडतांना तोल संभाळतात. मधमाशीस चार पंख असतात, म्हणून नांवांत माशी असली तरी ती या गणांतली नव्हे.

घरमाशीस चावतां येत नाहीं. घट्ट पदार्थावर ती लाळ सोडते आणि तो विरघळला म्हणजे सोंडेनें शोषून घेते. विष्ठेवरून उठून ती हेंच आपल्या ताटांत करते, आणि तिच्या पायांवरून व ओकारींतून हगवणीचे जंतु लेंकरांच्या पोटांत जातात. अंडीं ती शेणांत व उकिरड्यांत घालते. उन्हाळ्यांत तीं एका दिवसांत फुटतात, व आठ-दहा दिवसांत नवी माशी उडूं लागते. तेव्हां आठवड्यास एकदां उकिरडा साफ करणें हें हातांत फडकें घेऊन माशा मारीत बसण्याहून शहाणपणाचें आहे.

फळमाशी दिसण्यांत सुरेख. अंगावर पिवळे पट्टे, पंख कांचेसारखे. पुष्कळ लोक तिला गांधीलमाशी समजून सोडून देतात! तिच्या मादीस मागें सुईसारखी नळी असते. पिकूं लागलेल्या फळाची साल टोचून ती आंत अंडीं घालते. वरून टिंबाएवढा डाग दिसतो, आंत अळ्या गर खातात, आणि फळ सडून गळतें. मग अळ्या मातींत शिरून कोश करतात. आंबिया बहाराचें यानें फार नुकसान होतें. मात्र गळलेलें प्रत्येक फळ माशीनेंच नासलें असें नव्हे. रात्रीं रस शोषणारा पतंगही फळें गाळतो. फळ कापून पाहावें, अळ्या असल्या तर माशीच.

नागपुरांत १९८५ सालीं लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाचें केंद्र स्थापन झालें, तेथें अशा किडींचा अभ्यास चालतो. मिथिल युजेनॉल घातलेले सांपळे मळ्यांत टांगतात, त्यांत नर सांपडतात. सांपळा भरला म्हणून निश्चिंत राहूं नये, कारण अंडीं घालणारी मादी बाहेरच असते. गळलेलीं फळें रोज वेंचून दोन फूट खोल पुरावींत व वरची माती चांगली दाबावी. उथळ पुरलीं तर कोशांतून निघालेली माशी माती सारून वर येते, आणि शेजाऱ्यानें फळें तशींच पडूं दिलीं, तर तिला कुंपण आडवें येत नाहीं.