मनाच्या वॉर्डातली सिस्टर

मनोविकाराचं औषध सुरू होऊन दोन दिवस झालेले असतात. तरुणाची मान अचानक एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. घरचे हादरतात. बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे न्यायची घाई सुरू होते. अशा वेळी वॉर्डात शिकलेली परिचारिका असेल, तर तिला हे लक्षण लगेच ओळखू येतं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांचा तो दुष्परिणाम असतो. ती डॉक्टरांना बोलावते, त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन देते आणि थोड्या वेळात मान सरळ होते. मग ती घरच्यांना बसवून सांगते, की औषध किंवा त्याचा डोस बदलता येतो, औषध मनाने बंद मात्र करायचं नाही.

बारावीनंतर नर्सिंगला जाणाऱ्या नंदुरबारच्या मुलामुलींना हा विषय टाळता येत नाही. जीएनएम पदविका असो वा बी.एस्सी. नर्सिंग, मानसिक आरोग्य परिचर्या सक्तीचीच आहे आणि मनोविकार वॉर्डातली ड्यूटीही. बी.एस्सी.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात तो पाचव्या आणि सहाव्या सत्रात येतो. बरेच विद्यार्थी तो पास होण्यापुरता वाचतात. प्रत्यक्षात या जिल्ह्यातल्या मुलांना सर्वांत जास्त वाव असलेल्या शाखांपैकी ही एक आहे.

कारण या शाखेचं मुख्य साधन म्हणजे संवाद. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्ये मांडलं, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग असतो. आधी ओळख, मग विश्वास, मग एकत्र काम आणि शेवटी रुग्णाला स्वतःच्या पायावर उभं करून निरोप, अशा टप्प्यांनी ते नातं पुढे जातं. अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातून आलेली बाई प्रमाण मराठीत आपलं दुःख सांगू शकत नाही. पावरी, मावची, भिली किंवा अहिराणी बोलणारी परिचारिका तिच्याजवळ बसली, की झोप कधीपासून उडाली, कानात कोण बोलतं, जगणं नकोसं वाटतं का, हे सारं हळूहळू बाहेर येतं. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. घरची भाषा ही इथल्या मुलांची जमेची बाजू आहे.

हा संवाद शास्त्रशुद्ध असतो. पेहराव, बोलण्याचा वेग, मनःस्थिती, विचार, भास, स्थळकाळाचं भान आणि आजाराची जाणीव हे सगळं ठरावीक क्रमाने तपासून नोंदवायचं असतं. शेजारी विष घालतोय असं म्हणणाऱ्या रुग्णाशी वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. ‘तुम्हाला फार भीती वाटतेय, मी इथंच आहे,’ एवढं म्हणून भीतीवर काम सुरू करायचं. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. शेतकरी घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय आणि ते कुलपात जाईल का, हेही त्याच बैठकीत ठरवायचं.

दुसरा भाग निरीक्षणाचा. पाय मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, त्याला भिंतीवर किडे दिसतात. रोजची मोहाची दारू एकदम सुटल्यावर ४८ ते ७२ तासांत असा भ्रम होऊ शकतो आणि तो जिवावरही बेततो. म्हणून ‘शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबात कुणी लिथियम हे मनोविकाराचं औषध घेत असेल, तर उन्हात घाम जाऊन, पाणी कमी पडून औषध रक्तात वाढतं. हात कापतात, उलट्या-जुलाब होतात. गावातून निघण्यापूर्वी रक्ततपासणी, पुरेशा गोळ्या आणि पाण्याविषयी दोन वाक्यं, ही कामं परिचारिकेची.

तिसरा भाग हक्कांचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. २९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला साखळीने बांधायला मनाई करतो. भूल न देता विद्युत उपचार करण्यावरही बंदी आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. तरीही भगताला शिव्या देऊन काम होत नाही. त्याच्यावर विश्वास असलेल्या कुटुंबाला ‘पूजा करा, पण गोळ्याही चालू ठेवा’ असं म्हटलं, तर रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतो.

पालकांच्या शंका खऱ्या असतात. मनोरुग्णांमध्ये राहून मुलीला आजार लागेल का? नाही, मनोविकार संसर्गाने होत नाहीत. मारहाणीचा धोका? बहुतेक रुग्ण हिंसक नसतात. जिथे धोका असतो तिथे तो आधी ओळखायचं आणि एकटीने न भिडायचं प्रशिक्षण मिळतं. काम थकवणारं आहे, हे मात्र लपवू नये.

नोकरीचं काय? निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार आढळले आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिकेचं पद असतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. व्यसनमुक्ती केंद्रं आणि खासगी रुग्णालयंही आहेत. सरकारी कार्यक्रमांतली बरीच पदं कंत्राटी असतात, हे आधीच माहीत असावं.

वाट अशी: बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल तर राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी देऊन चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. इंग्रजी विषय घेऊन कोणत्याही शाखेतून बारावी झाली असेल तर तीन वर्षांचं जीएनएम. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि अनुभव, मग मानसिक आरोग्य परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा. बी.एस्सी. झालेल्यांना दोन वर्षांचं एम.एस्सी.ही आहे. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि स्वयम योजनेची चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाकावा.

घरात कुणाला आजच मदत हवी असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो.